पाणी सोडलंय काय?

जून सरत आला की बेळगावात एक प्रश्न सुरू होतो. चहाच्या टपरीवर, रिक्षा स्टँडवर, खडेबाजारातल्या दुकानांच्या पायऱ्यांवर. "फॉलला पाणी सोडलंय काय?" फॉल म्हणजे गोकाकचा. बेळगावपासून साठेक किलोमीटरवर घटप्रभा नदी तिथे ५२ मीटर खाली उडी घेते. नदीकाठचा कन्नड माणूसही हेच विचारतो, "नीर बिट्टारेनु?"

मला या प्रश्नातलं क्रियापद आवडतं. आंबोलीबद्दल आपण "पाऊस लागलाय काय" असं विचारतो. गोकाकबद्दल विचारताना मात्र नळाची भाषा वापरतो. राकसकोप धरण भरलं की लक्ष्मीटेकहून गल्लीत पाणी येणार, तसं घटप्रभेवरचं हिडकल धरण भरलं की फॉलला पाणी सुटणार. हा धबधबा सव्वाशे वर्षांहून जास्त काळ एका यंत्राचा भाग आहे, ही गोष्ट लोकांच्या बोलण्यात सहज येऊन बसली आहे. पर्यटनाच्या पत्रकांना ती अजून कळायची आहे. त्यांत गोकाक म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराचा धबधबा, झुलता पूल, महालिंगेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ, आणि शेवटी एक ओळ: इथे १८८७ साली आशियातली पहिली वीज तयार झाली.

गोकाकला निसर्गदृश्य म्हणून विकणं थांबवावं आणि कारखाना म्हणून दाखवावं, असं माझं म्हणणं आहे. हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गेल्या फेब्रुवारीत पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. नको म्हणत होतो, पण "इतक्या जवळ आलोय तर बघून जाऊ" म्हटल्यावर काय करणार? कड्यावर एक बारीक धार होती, तीही वाऱ्यानं उडत होती. नदीचं पात्र उघडं पडलेलं. तिथला खडक आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर नाही. तो कलादगीकडचा वालुकाश्म, तांबूस, भाजलेल्या भाकरीसारखा, आणि पाण्यात फिरून फिरून गोट्यांनी त्यात रांजणाएवढे खळगे पाडलेले. खरं तर उन्हाळ्यातच हा खडक नीट बघता येतो. पण पाहुणे खडक बघायला आले नव्हते. शेजारी पुण्याकडचं एक कुटुंब होतं, त्यांतल्या गृहस्थांनी गिरमिटवाल्याला जाब विचारला, की धबधबा कुठाय? त्यानं चुरमुऱ्यांत कांदा मिसळता मिसळता मान वर न करता सांगितलं, "पाणी हाय की. पाइपात हाय."

त्याला हे सांगून सांगून कंटाळा आला असणार. पण याहून नेमकं उत्तर कुठल्या फलकावर मी वाचलेलं नाही. कड्याला बिलगून खाली उतरणारे जाड पाइप समोर दिसत होते, आणि सगळे लोक त्यांच्याकडे पाठ करून कोरड्या कड्याचे फोटो काढत होते.

गृहस्थांचा राग एकट्याचा नाही. कड्यावरच्या सूतगिरणीनं धबधबा गिळला, असं म्हणणारे बेळगावातही भेटतात. निदान शनिवार-रविवार तरी पाणी सोडा, जोग फॉल्सबद्दल बोलतात तसं इथेही करा, म्हणजे चार दुकानं चालतील, अशी मागणी अधूनमधून होते. दुकानं चालावीत, यात वाईट काही नाही. पण या मागणीमागचा हिशेब चुकतो.

गिरणी नदीकडून पाणी घेते म्हणजे नेमकं काय घेते? वरच्या अंगाला धूपदाळचा बंधारा आहे, ब्रिटिश अमदानीतला. तिथं अडवलेलं पाणी कालव्यानं कड्याच्या माथ्याशी येतं, पाइपातून तळाला जातं, टर्बाइन फिरवतं आणि पुन्हा नदीत पडतं. जेवढं गेलं तेवढं परत. खालच्या गावाला एक तांब्या कमी मिळत नाही. गिरणीनं नदीकडून पाणी घेतलं नाही, पाण्याची उंची घेतली. हातउसने पैसे घ्यावेत तशी ५२ मीटर उंची घेतली आणि पाणी तळाशी नेऊन ठेवलं.

याउलट धूपदाळलाच जो डावा कालवा फुटतो, त्याचं पाणी शेतात जातं आणि नदीला फारसं परत मिळत नाही. १८९७ साली तो ७१ किलोमीटरचा होता. हिडकलचं धरण झाल्यावर आणखी लांबला. हिडकल १९७७ साली पुरं झालं, साठा ५१ टीएमसी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच्या पोटातलं बुडालेलं विठ्ठलाचं देऊळ वर येतं आणि लोक दर्शनाला जातात. त्या पाण्यावर हुक्केरी, गोकाक, रायबागचा ऊस उभा आहे, आणि बेळगावच्या नळाचा एक वाटाही तिथलाच. फेब्रुवारीत कड्यावर पाणी का नाही, असं विचारायचं असेल तर आधी आपल्या घरातल्या टाकीत डोकावलं पाहिजे, मग चहातल्या साखरेकडे पाहिलं पाहिजे, आणि मग गिरणीकडे बोट दाखवावं. हा क्रम कुणाला सोयीचा नाही, म्हणून गिरणी बरी.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. बंधाऱ्यापासून कड्यापर्यंतचा नदीचा तुकडा कोरडा पडतो, तो खरोखर कोरडा पडतो. तिथल्या माशांना, पाणवठ्यावर येणाऱ्या गुरांना, पाणी खाली जाऊन परत मिळतं याचं काय कौतुक? तेव्हा पाणी सोडायची मागणी करायचीच तर ती नदीसाठी करावी: रोज, थोडं थोडं, बाराही महिने. शनिवारी अकरा ते पाच सुटणारं पाणी माशांच्या काय कामाचं? नदीला आठवड्याची सुटी कळत नाही.

आता त्या उंचीची किंमत बघू. साधं गणित आहे, शाळेतल्या भौतिकशास्त्राचं. सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ५२ मीटर खाली सोडलं तर त्यात ५१० किलोवॅट ताकद असते. टर्बाइन, दोर, पुल्या यांनी चौथा हिस्सा खाल्ला तरी पाचशे अश्वशक्ती हाती उरते. विहिरीवरच्या पाच अश्वशक्तीच्या शंभर मोटारी एकदम चालू केल्यासारखी. आणि सेकंदाला एक घनमीटर म्हणजे अवघे ३५ क्युसेक. पावसाळ्यात हिडकलमधून हजारो क्युसेक सोडल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यापुढे हे काहीच नाही. तेवढी ताकद वाफेच्या इंजिनातून काढायची तर त्या काळच्या बऱ्यापैकी इंजिनालाही अश्वशक्तीमागे तासाला किलोभर कोळसा तरी लागे. दहा तासांच्या दिवसाला पाच टन. मुंबईला तो बोटीनं यायचा, आधी विलायतेहून, मग बंगालमधून. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत पहिली सूतगिरणी काढली ती कोळशाच्या भरवशावर, आणि पुढची सगळी गिरणगावं बंदर आणि रेल्वे यांच्या आसऱ्यानं वाढली. गोकाकला कोळसा आणायचा म्हणजे आधी मुंबई, मग घाट. कुणी वेड्यानंही हा धंदा केला नसता.

पण इथं कापूस होता. सौंदत्ती, धारवाड, गदगची काळी रानं. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवीच्या काळात त्या कापसानं इथल्या सावकारांना वेडं केलं होतं. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा दुष्काळ, ज्यात बेळगाव, कलादगी, धारवाड होरपळून निघाले. स्वस्त मजूर होते, हे सभ्य शब्दांत सांगितलेलं सत्य; भुकेली माणसं होती, हे नुसतं सत्य. १८८० च्या दशकातच सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज रूळ लोंढ्याहून बेळगावमार्गे मिरजेकडे गेला. (हुबळी-धारवाडला रेल्वे नेणाऱ्या कंपनीच्या नावात 'मराठा' असावा, याची गंमत दोन्ही बाजूंच्या भाषाभिमान्यांना वाटत नाही. दोन्हीकडे विनोद कमीच.) कापूस, माणसं, रूळ आणि ५२ मीटरचा कडा. १८८५ साली कंपनी निघाली तिचं नावच सगळं सांगतं: गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. आधी पाण्याची ताकद, मग कारखाना. मुंबईची १७६७ पासूनची फोर्ब्ज ही पेढी त्यामागे होती.

आता त्या 'पहिल्या विजे'कडे येतो.

टर्बाइन कड्याच्या तळाशी आणि गिरणी कड्याच्या माथ्यावर. तळातली ताकद वर कशी न्यायची? आज आपण म्हणू, वायर टाका. तेव्हा त्यांनी दोर टाकला. टर्बाइननं फिरणाऱ्या चाकावरून निघालेला अखंड दोर कड्यावरून वर, गिरणीतल्या खोबणीच्या चाकावर, तिथून परत खाली. चाक फिरलं की दोर पळतो, दोर पळाला की वरचं चाक फिरतं. युरोपात ही पद्धत जुनी होती. राईन नदीच्या धबधब्याशेजारी शाफहाउझेनला १८६० च्या दशकात नदीची ताकद तारेच्या दोरांनी कारखान्यांपर्यंत नेली होती. गोकाकच्या गिरणीतल्या सूत कातायच्या चात्या फिरल्या त्या दोरावर.

ज्यांनी जुने माग पाहिलेत त्यांना हे सांगावं लागणार नाही. वडगाव-खासबागात माझ्या लहानपणी अशा शेड होत्या, की मोटर एकच, छताखाली एक लांब शाफ्ट, आणि त्यावरून खाली उतरणारे चामडी पट्टे, प्रत्येक मागाला एक. सकाळी मालक खटका दाबायचा, आधी शाफ्ट गुरगुरायचा, मग एकेक पट्टा ओढून कामगार आपापला माग चालू करायचा. मध्येच फटकन आवाज होऊन पट्टा सुटायचा; सगळे आधी मागे सरायचे आणि मग शिव्या द्यायचे, याच क्रमानं. त्या मोटरच्या जागी नदी कल्पावी आणि शाफ्टच्या जागी कडा. गोकाकची गिरणी म्हणजे नदीला पट्टा लावून चालवलेली शेड होती.

मग वीज? दिवे पेटवण्यापुरती वीज आणि हजारो चात्या फिरवणारी ताकद, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८८७ साली अख्खी गिरणी विजेच्या मोटारींवर चालवणं जगात कुठेच रुळलेलं नव्हतं. पाण्यावर केलेली वीज अमेरिकेत ॲपलटनला १८८२ सालीच दिव्यांत उजळली होती, पण वीज लांब नेण्याचा मोठा प्रयोग जर्मनीत लाउफेन ते फ्रांकफुर्ट झाला तो १८९१ साली, आणि नायगाऱ्याची वीज बफेलो शहरात पोचायला १८९६ उजाडलं. आपल्याकडे दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगचं वीजघर, जे देशातलं पहिलं जलविद्युत केंद्र मानलं जातं, नोव्हेंबर १८९७ मध्ये सुरू झालं. १९०२ साली शिवनसमुद्राची वीज जवळजवळ दीडशे किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली. 'आशियातली पहिली' हा शब्द त्यामुळे फार सांभाळून वापरावा लागतो, आणि पाट्या रंगवणारे तो सांभाळत नाहीत.

कुणी म्हणेल, असू दे की. पहिली म्हटल्यानं कुणाचं काय जातं? जातं. पाटीवर 'पहिली वीज' लिहिलं की बघणारा 'वा' म्हणतो आणि पुढे सरकतो. दोर, चाकं, पाइप, तळातल्या टर्बाइनपर्यंत रोज उतरणारी माणसं, यांबद्दल विचारायला जागाच उरत नाही. 'पहिलं' हा शब्द कुतूहल संपवतो. शिवाय तो खोटा ठरवायला एक दार्जिलिंगकर पुरतो. मग आपण वादात हरतो आणि खरी गोष्टही त्याच्याबरोबर घालवून बसतो. खरी गोष्ट याहून मोठी आहे. टाटांची खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना १९१५ साली मिळाली. त्याच्या २८ वर्षं आधी, कोळशाच्या एका पाटीशिवाय, बेळगाव जिल्ह्यातल्या एका कड्यावर सूतगिरणी चालू होती. याला पहिलेपणाच्या बिल्ल्याची गरज काय?

खोपोलीचं नाव निघालं म्हणून आठवलं. टाटांच्या त्या जलविद्युत योजनांचा पुढचा टप्पा म्हणजे मुळशी. तिथं १९२१ पासून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, कारण पाण्याची ताकद मुंबईला जाणार होती आणि शेती मावळातल्यांची बुडणार होती. मराठी माणसाला तो इतिहास माहीत आहे. तेव्हा पाण्याची ताकद ही कधीच फुकट नसते, कुणाची तरी जमीन, कुणाचा तरी घाम त्यात असतो, हे त्याला नव्यानं शिकवायला नको. गोकाकच्या बाबतीत मात्र आपण ते विसरलो. का विसरलो, ते जरा अवघड आहे.

बेळगावच्या मराठी घरात 'गोकाक' म्हटलं की तीन गोष्टी आठवतात. पहिली करदंट: डिंक, गूळ, सुकामेवा, कागदात बांधलेला चिकट तुकडा, जो दातांना चिकटला की अर्धा तास बोलणं बंद. दुसरा धबधबा. आणि तिसरा गोकाक अहवाल. शेवटच्याचा या गावाशी आडनावापलीकडे संबंध नाही. विनायक कृष्ण गोकाक सवणूरचे, मोठे कवी, त्यांच्या समितीनं १९८१ मध्ये शाळेतल्या पहिल्या भाषेबद्दल अहवाल दिला, त्यावरून कर्नाटकात आंदोलन पेटलं, आणि त्यापाठोपाठ सक्तीच्या कन्नडविरोधात आपल्याकडेही. त्या दिवसांत मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला गोकाक हा शब्द ऐकला की नकळत आठी पडते. बिचाऱ्या गावाचा काय दोष! पण नाव तेच, त्यामुळे नदीकाठची ती गिरणी आपल्या मनात 'तिकडची' होऊन बसली.

आता नकाशा बघा. घटप्रभा उगम पावते सह्याद्रीच्या माथ्यावर, रामघाटाच्या बाजूला. ताम्रपर्णी चंदगडमधून येते. हिरण्यकेशी आंबोलीहून निघते, आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरकडून येते. दोघी घटप्रभेला मिळतात. गिरणी निघाली तेव्हा हा सगळा मुलूख मुंबई इलाख्याच्या आणि त्यातल्या संस्थानांच्या छत्राखाली होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका काढून मुंबई राज्यात ठेवला. म्हणजे गोकाकच्या टर्बाइनवर पडणारं पाणी एका राज्यात पावसातून पडतं आणि दुसऱ्यात ५२ मीटर खाली पडतं. ऑगस्ट २०१९ मध्ये घटप्रभेनं आणि मार्कंडेयनं गोकाक गाव बुडवलं, तेव्हा तो पाऊस कुठल्या राज्याचा, हे कुणी विचारलं नाही. आपण सत्तर वर्षं गावं मोजली, टक्केवारी काढली, पाट्यांवरची अक्षरं मोजली. ती लढाई खोटी होती, असं मी म्हणत नाही. माझ्याही घरातली माणसं त्यात होती. पण मोजण्याच्या नादात आपण कामाचा इतिहास नोंदवला नाही. कुठल्या गावातून कोण गिरणीत गेलं, कोण कुठल्या खात्यात होतं, हे आपल्या कुठल्याच सभेत कुणी विचारलं नाही.

आमचे एक लांबचे मामा गोकाकला गिरणीत होते. आईच्या चुलतभावांतले. सुटीत ते आले की कळायचं, कारण ते बोलताना हात फार हलवायचे. लहानपणी आम्ही नकला करायचो. पुढं कळलं की कताईखात्यात शेकडो चात्यांच्या आवाजात तोंडानं बोलून उपयोग नसतो. तिथं सगळं हातानं बोलायचं. कांडी बदल, मुकादम येतोय, माझं जरा बघ, पाच मिनिटांत आलो. मामांना कन्नड, मराठी दोन्ही चांगलं येई, पण गिरणीत, ते म्हणत, या दोन्हींची गरज संध्याकाळी भोंगा झाल्यावर. आत तिसरीच भाषा. कोल्हापूरचा मराठी आणि मुधोळचा कन्नड तिथं एकाच बोटानं बोलायचे. आणि 'गिरणी' हा शब्दही दोघांचा एकच. तो कन्नडमध्येही गिरणीच आहे.

गिरणीभोवती वसलेल्या वस्तीचं नाव पत्रावर लिहितात ते 'गोकाक फॉल्स'. पोस्टाचा पत्ता म्हणून 'धबधबा' असलेलं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही. चाळी, शाळा, दवाखाना, बाजार, सगळं त्या एका पाइपाच्या टोकाला जन्मलेलं. शेजारच्या कोण्णूरमधल्या कितीतरी घरांची घड्याळं भोंग्यावर लावलेली. हे सगळं त्या पर्यटनाच्या पत्रकात नाही, कारण त्याचा फोटो पावसाळ्यात चांगला येत नाही.

मग करायचं काय? मला राजवाड्यासारखं संग्रहालय नको. तिकीट, लेझर शो, कारंजी हे तर मुळीच नको. धबधब्याशेजारी कारंजं उभारण्याची कल्पना कधीतरी कुणाला सुचेलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. हवं ते एवढंच: कड्यावर उभं राहून पाइपाकडे बोट दाखवता येईल असा एक फलक, त्यावर पाण्याची वाट काढलेली, धूपदाळपासून टर्बाइनपर्यंत आणि परत नदीपर्यंत. जुनी चाकं, दोराच्या खोबणीच्या पुल्या जिथं शिल्लक असतील तिथं त्या भंगारात जाण्याआधी बाजूला काढून ठेवणं. हजेरीच्या वह्या, नकाशे, यंत्रांची रेखाचित्रं कुठल्या तरी विद्यापीठात नेऊन त्यांच्या प्रती काढणं. आणि निवृत्त कामगारांच्या मुलाखती. फलक कन्नडमध्ये असेलच, इंग्रजीत असेल, मराठीतही असावा. ही मागणी मी सीमाप्रश्न म्हणून करत नाही. बघायला येणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेट मोजल्या तर कळेल, निम्म्या कोल्हापूर-सांगलीच्या असतात.

गिरणी खाजगी मालमत्ता आहे, चालू धंदा आहे, तिथं लोकांना कसं सोडणार, हा आक्षेप बरोबर आहे. यंत्रशाळेत सहली न्या, असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण कडा खाजगी नाही, नदी खाजगी नाही, आणि इतिहास तर नाहीच. 'चालू धंदा आहे तोवर' हीच तर वेळ आहे. मुंबईत जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढं एकेक गिरणी मिटली, आणि आज लोअर परळला मॉलच्या अंगणात एखादी चिमणी शोभेला उभी आहे. तिच्याखाली कॉफी पिणाऱ्याला ती कशाची, हे सांगणारा माणूस तिथं नाही. कोल्हापूरची शाहू मिल, १९०६ साली शाहू महाराजांनी उभारलेली, बंद पडून वीस वर्षं होऊन गेली. तिच्या जागेवर काय करायचं याची चर्चा मात्र भरपूर चालू असते. गिरणी बंद पडल्यावर स्मारकाची समिती नेमायची, ही आपली पद्धत आहे. समितीच्या पहिल्या बैठकीपर्यंत यंत्रं विकली गेलेली असतात.

आणखी एक आक्षेप आमच्याच माणसांकडून येतो. "तिथं काय आपलं आहे? ब्रिटिशांची पेढी, कर्नाटकातलं गाव, कन्नड कामगार. आपण कशाला डोकं घालायचं?" याला उत्तर द्यावं की नाही, असा मला प्रश्न पडतो, कारण उत्तर विचारणाऱ्याच्या अंगावर असतं. अंगातल्या सदऱ्याचं सूत कुठल्या गिरणीत कातलं, हे कुणाला सांगता येतं? आमच्या वडगावच्या मागांवर जे सूत चढलं, ते विणणाऱ्यांनी कधी कातणाऱ्याची भाषा विचारली नाही. सुताच्या जाडीचा नंबर विचारला. चाळीसचं आहे का साठचं, एवढाच.

कोण्णूर, गोकाक फॉल्स, अंकलगी, पाच्छापूर या पट्ट्यात अजून माणसं आहेत, ज्यांनी या गिरणीत तीस-तीस वर्षं काढली. साठच्या दशकात विशीत असताना जे आत गेले ते आता ऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढे गेलेत. त्यांच्याकडे जायला ना पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ना दोन राज्यांची बैठक. मोबाइल पुरतो, आणि तासभर वेळ. कॉलेजातल्या मुलांनी एका उन्हाळ्यात पन्नास जणांशी बोलायचं ठरवलं तरी होईल. कन्नड मुलांनी मराठी आजोबांशी आणि मराठी मुलांनी कन्नड आजोबांशी बोललं तर जास्त चांगलं. आपापल्या भाषेत आपण फार लवकर तक्रारीवर येतो.

मी स्वतः हे करायला हवं होतं, आणि केलं नाही. मामा गेल्या दिवाळीच्या आधी गेले. शेवटी शेवटी बोलायचे कमी, हात मात्र पांघरुणावर चालूच असायचे. त्या खुणा आम्ही कुणीच लिहून ठेवल्या नाहीत, कुणी व्हिडिओ काढला नाही. मला त्यातल्या दोनच आठवतात. दोन बोटं एकमेकांवरून सरकवली की धागा तुटला. पाचही बोटं जुळवून ओठाजवळ नेली की चल, जेवायला.